एमजीबी : क्रोम बंपर की रबर बंपर? आधी सिल तपासा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या ब्रिटिश मोटारींवरचा लेख आवडीने वाचला. मात्र एमजीबीबद्दल त्यात एका ओळीत निकाल देऊन टाकला आहे : ‘घ्यायची तर क्रोम बंपरची घ्या, रबर बंपरच्या वाटेला जाऊ नका.’ या सल्ल्यावर विसंबून पैसे मोजणाऱ्याचं मोठं नुकसान होऊ शकतं. इंग्लंड-अमेरिकेत स्थिरावलेली बरीच मराठी मंडळी हौसेची पहिली जुनी गाडी म्हणून एमजीबीच पाहतात, कारण ती आटोक्यातल्या किमतीत मिळते आणि तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. त्यांच्यासाठी थोडं तपशिलात लिहितो.

भारतात आज एमजी म्हटलं की २०१९ साली आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स कारचा. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. उघड्या टपाची रोडस्टर १९६२ची, तर मागे काचेचं दार असलेली बंद छपराची जीटी १९६५ची. मोजक्या जीटी व्ही८ सोडल्या तर इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच : बी-सिरीज, १७९८ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. त्यामुळे ‘जुनी’ आणि ‘नंतरची’ या दोन वेगळ्या गाड्या नाहीत. एकाच गाडीत अठरा वर्षं बदल होत गेले, आणि बंपर हा त्यांतला फक्त डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारा बदल. लेखात चकचकीत क्रोम बंपर जाऊन काळे रबर बंपर ‘सत्तरच्या सुरुवातीला’ आले असं छापलं आहे. ते आले १९७४च्या शरद ऋतूत. १९७२ किंवा १९७३ची म्हणून कोणी रबर बंपरची गाडी विकत असेल तर कागद आणि गाडी यांपैकी एक नक्की खोटं आहे.

हे बंपर आले ते अमेरिकेच्या नियमांमुळे. ताशी पाच मैलांच्या धडकेत दिवे आणि इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहावेत आणि बंपर ठरावीक उंचीवर असावा, अशी अट होती. आतून पोलादी सांगाडा आणि वरून काळं पॉलियुरेथेन असे जाडजूड बंपर बसवले, आणि उंचीचा हिशेब जमवायला अख्खी गाडी दीड इंच वर उचलली. पुढे क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारी आडवी चौकट) बदलला, मागे पाट्यांची (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) मांडणी बदलली. वजन वाढलं, गुरुत्वमध्य वर गेला. खरी कुऱ्हाड पडली ती यानंतर : १९७५ आणि १९७६च्या रोडस्टरवरून पुढचा अँटी-रोल बारच (वळणावर गाडीला कलू न देणारी दांडी) काढून टाकला. वळणावर लोळणारी, बोटीसारखी डुलणारी गाडी म्हणून रबर बंपरची जी बदनामी झाली ती मुख्यतः या दोन वर्षांच्या रोडस्टरची आहे. १९७७च्या मॉडेलपासून पुढे जाड बार आला, मागेही बार बसवला, स्टेअरिंगचा रॅक हलका केला, इंजिनावरचा पंखा जाऊन विजेवरचा पंखा आला, डॅशबोर्ड नवा झाला. उंची तेवढीच राहिली, पण रस्त्यावरचं वागणं खूप सुधारलं. १९७५ आणि १९७८ची गाडी एकाच पारड्यात तोलणं हा त्या लेखातला मुख्य दोष आहे.

आता ज्यावर गाडीचं आयुष्य ठरतं त्या पत्र्याकडे वळतो.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिच्या आधीच्या एमजीए मॉडेलला होती. बीमध्ये बॉडीचं कवच हीच चॅसी, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचं बहुतेक काम दारांखालच्या दोन पेट्यांवर येतं. यांनाच सिल म्हणतात. बाहेरून दिसते ती बाहेरची सिल. तिच्या आत उभा पडदा, पलीकडे आतली सिल, आणि तळाशी दातेरी कडांची कॅसल रेल. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डाच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, तिथून ओल सिलमध्ये उतरते, निचऱ्याच्या फटी बुजल्या की पाणी आतच राहतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या पत्र्यावर रंगाचा एक फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा चाळणीसारखा झालेला असतो. क्रोम असो वा रबर, या बाबतीत दोन्ही गाड्या सारख्याच. फरक इतकाच की जुन्या गाडीला गंजायला दहा-बारा वर्षं जास्त मिळाली आहेत, आणि किंमत जास्त येते म्हणून वरवरची रंगरंगोटी करून विकण्याचा मोहही तिथेच जास्त.

तपासणी अशी करावी. गाडी सपाट जागेवर उभी करून दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर कवच मध्यात बसलं आहे. दार उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. दार हललं तर बिजागरी झिजली आहे, तो खर्च लहान. दार घट्ट असूनही फट वाकडी असेल तर सिलच गेली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन सिलखालच्या जॅकच्या जागी गाडी उचलायला सांगा आणि नजर दाराच्या फटीवर ठेवा. धड गाडीत फट जवळपास तेवढीच राहते आणि दार उघडून लावता येतं. फट बदलत गेली, दार अडकलं, किंवा जॅक पत्र्यात रुतू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा. विक्रेता तिथे जॅक लावूच देत नसेल, तर उत्तर मिळालं असं समजा.

त्यानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली जा. कॅसल रेलचे दाते आणि त्यांमधल्या निचऱ्याच्या फटी स्वच्छ दिसायला हव्यात. सगळीकडे काळं जाड डांबरी लेपन नुकतंच फासलेलं असेल तर ते गंजरोधक म्हणून फासलं की झाकण म्हणून, हा संशय घेणं तुमचा हक्क आहे. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून सिलवरून आणि मडगार्डांच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जुन्या सडक्या सिलवर नवी सिल टोपीसारखी चढवणं. मूळ बाहेरची सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डाच्या आत शिरलेली असते. म्हणून ती नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड खोलावं लागतं, ते बोल्टवर आहे. मागचं वेल्ड केलेलं असल्यामुळे त्याचा खालचा तुकडा कापून पुन्हा जोडावा लागतो. हे सगळं टाळून फक्त दाराखालच्या लांबीपुरता पत्रा जोडलेला दिसला, तर आतलं काम कोणी केलेलं नाही.

सिल बदलायची झालीच तर कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न : गाडी कशावर उभी करणार? चाकांवर किंवा चाकांच्या जागी चार सारख्या टेकूंवर उभी असायला हवी. मधोमध जॅक लावून सिल कापली तर कवच वाकतं आणि त्याच वाकात वेल्ड होतं. पुढे कितीही ठोकाठोक केली तरी दारं बसत नाहीत. रोडस्टरमध्ये कापण्याआधी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळीचा आडवा टेकू बोल्टने घट्ट करावा. एका वेळी एकच बाजू घ्यावी. बाहेरची सिल काढली की आतला पडदा, कॅसल रेल आणि जमिनीच्या पत्र्याची कड तिथल्या तिथे पाहून लागेल ते बदलावं. पूर्ण वेल्ड करण्याआधी चिमट्यांनी पत्रा धरून दार लावून पाहावं, मगच टाके मारावेत. रंग झाल्यावर सगळ्या बाजूंनी फवारणाऱ्या नोझलने आत मेण मारावं, आणि तेही उबदार दिवशी, म्हणजे ते सांध्यात झिरपतं. सुटा पत्रा तुलनेने स्वस्त आहे. बिल फुगतं ते मजुरीच्या तासांनी. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर १९८८पासून एमजीबीची नवी कवचं बनवत आली आहे. पण गाडीची किंमत आणि कवचाचा खर्च यांची बेरीज करून पाहिली की बहुतेकांना नाकापेक्षा मोती जड वाटतो.

गंजाच्या इतर जागा थोडक्यात : मागच्या पाट्यांचे पुढचे कान, आसनांमागे असलेल्या बॅटरीच्या पेट्या, पाय ठेवायच्या जागेचे कोपरे, मडगार्डांच्या वरच्या सांध्याची रेघ, दारांचा तळ, जीटीच्या मागच्या दाराची कड. दाराच्या छोट्या त्रिकोणी काचेखाली पत्र्याला उभी चीर जाते. ती गंजाची नसून ताणाची आहे आणि सर्व वर्षांच्या गाड्यांत आढळते.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपलीकडच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला २०१८पासून गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने ही सवलत धोक्याचीच आहे. तरीही विक्रेत्याकडे ताजी एमओटी मागावी. शिवाय गाडीचा नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. सस्पेन्शनच्या किंवा सीटबेल्टच्या आधाराजवळ गंज असल्याचा शेरा दोन-तीन वर्षं ओळीने आला आणि मग तपासणीच बंद झाली, तर पुढे काय झालं असेल ते उघड आहे.

सिल आणि कवच ठीक असेल तरच कुठल्या वर्षाची गाडी घ्यायची, या विचाराला अर्थ येतो.

१९६२ ते १९६४च्या गाड्यांत क्रँकशाफ्टला तीन बेअरिंगं आहेत. इंजिन मोकळेपणाने फिरतं, पण मागच्या टोकाला तेल परतवणारी आट्यांची रचना असल्याने थोडं तेल गळणारच. ऑक्टोबर १९६४पासून पाच बेअरिंगं आली आणि इंजिन दणकट झालं. रोज नाही तरी दर आठवड्याला चालवायची असेल तर पाच बेअरिंगंच घ्या, सुटे भागही त्याचेच सहज मिळतात. एप्रिल १९६५पर्यंत दाराला ओढायचा हँडल होता. संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात, चालवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची रेघ १९६७च्या शरद ऋतूत ओढली गेली, मार्क टू ही सुधारित आवृत्ती आली तेव्हा. आधीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर दात खरवडतात. मार्क टूमध्ये चारही गिअरना सिंक्रोमेश आलं. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, पॉझिटिव्ह अर्थ जाऊन निगेटिव्ह अर्थ आला, स्टार्टर सुधारला. रोडस्टरचा मागचा ॲक्सलही बदलून मजबूत सॅलिसबरी पद्धतीचा झाला, जीटीला तो पहिल्यापासून होता. गर्दीच्या रस्त्यावर चालवायची, रात्री दिवे लावायचे, फोन चार्ज करायचा, तर १९६८ ते १९७४ हा क्रोम बंपरचा सोयीचा काळ. चेहरा जुना, आत यंत्रणा बऱ्यापैकी आधुनिक. म्हणूनच याच गाड्यांवर सर्वांच्या उड्या पडतात आणि भावही चढा असतो.

भाव चढण्यामागे दुसरंही एक कारण आहे, ते लेखात आलेलं नाही. ब्रिटनमध्ये रस्ता-करातून सूट मिळण्याची सीमा बरीच वर्षं १ जानेवारी १९७३ला गोठवलेली होती. त्याआधीच्या गाडीला कर नाही, नंतरच्या गाडीला पूर्ण कर. २०१४पासून ती सीमा पुन्हा सरकती झाली आणि आता चाळीस वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक एमजीबीला, म्हणजे १९८०च्या शेवटच्या गाडीलाही ऐतिहासिक वाहनाची नोंद मिळते. ती नोंद असली की प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा यूलेझ आकारही माफ. कराचा फरक मिटला. रबर बंपरबद्दलचा जुना आकस मात्र अजून किमतीत उरलेला आहे, आणि शहाण्या खरेदीदाराची संधी तिथेच आहे. तेवढ्याच पैशांत क्रोमची डागडुजीला आलेली गाडी किंवा रबरची धड सिलची गाडी, असा पर्याय समोर आला तर मी एक क्षणही घुटमळणार नाही : रबरची घ्या.

कारण रबर बंपरच्या गाडीतले दोष पाने-पान्हे घेऊन सुटतात. अँटी-रोल बार नसलेल्या १९७५-७६च्या रोडस्टरला सर्वांत आधी पुढचा बार बसवावा, इतर काही करायच्या आधी. निम्मी तक्रार तिथेच संपते. दुसरी पायरी, पुढच्या खालच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) आतले बुश. त्यांच्या जागी व्ही८ मॉडेलचे, धातूच्या नळीत रबर चिकटवलेले बुश बसतात, ते स्वस्त आणि टिकाऊ आहेत. बसवताना मात्र नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. हवेत लटकत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकरच फाटतं. अनेक गॅरेजांत नेमकी हीच घाई होते.

मग उंची. पुढे आखूड स्प्रिंगा, मागे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा आणि त्याला साजेसे लांब यू-बोल्ट, हा सोपा मार्ग. त्याहून चांगला मार्ग म्हणजे रबर बंपरच्या गाडीसाठी कमी वाकाचे बनवलेले नवे पाटे, कारण चाळीस-पन्नास वर्षांचे पाटे तसेही थकलेले असतात. एक इंच उतरवली तरी फरक जाणवतो. पूर्ण दीड इंच उतरवली तर मागे ॲक्सल आणि रबरी ठोकर यांतलं अंतर मोजून पाहा, नाहीतर खड्ड्यात दणका थेट कवचाला बसतो. स्प्रिंगा गॅसने तापवून बसवणं किंवा पाट्यातलं एखादं पान काढून टाकणं हे प्रकार धोकादायक आहेत, असं केलेली गाडी घेऊ नये. क्रोम गाडीचा क्रॉसमेंबर आणून बसवायचा मोह होतो, पण त्यात स्टेअरिंग रॅकची जागा बदलते आणि दांडीच्या सांध्याची रेघ पुन्हा जुळवावी लागते. अनुभवी हाताशिवाय तिकडे जाऊ नये.

रबर काढून क्रोम बंपर चढवण्याच्या कामाला लोक फक्त सुट्या भागांचा खर्च धरतात. प्रत्यक्षात जाळी, पुढचे दिवे, पुढचा-मागचा खालचा पत्रा आणि मडगार्डांचे कोपरे असं सगळं पत्र्याचं काम आणि रंग त्यात येतो. इतकं करून ती गाडी ना अस्सल क्रोम राहते ना अस्सल रबर. काळं रबर फिकट पडलं असेल तर ते साफ करून त्याच्यासाठीचं द्रव्य लावा आणि समाधान माना. ब्रिटनमध्ये शेवटी निघालेल्या एक हजार एलई (लिमिटेड एडिशन) गाड्या, ४२० रोडस्टर आणि ५८० जीटी, तर मुळीच बदलू नयेत.

ब्रिटनमधल्या नंतरच्या गाड्यांची आणखी एक जमेची बाजू : जून १९७५पासून ओव्हरड्राइव्ह सर्वांना मूळचाच मिळाला. आधी तो जादा पैसे भरून घ्यायचा होता आणि कित्येक क्रोम गाड्यांत नाहीच. मोटरवेवर ताशी ७० मैलांना या एका स्विचने इंजिनाचे फेरे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरतात, कानांना आराम मिळतो. चालत नसेल तर आधी गिअरबॉक्सचं तेल, मग वायरिंग, मग गिअरबॉक्सवरचा स्विच आणि सोलेनॉइड, या क्रमाने पाहा. १९७७ मॉडेलपासून बटण गिअरच्या मुठीत आहे आणि तिथली बारीक वायर वाकून वाकून तुटते. या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल घालायचं असतं. ईपी९० फक्त मागच्या ॲक्सलसाठी. गिअरबॉक्समध्ये ईपी९० ओतलं की ओव्हरड्राइव्ह रुसतो.

अमेरिकेतला हिशेब वेगळा आहे. तिथे रबर बंपर आल्यावर लवकरच दोन एसयू कार्बोरेटर जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला, कॉम्प्रेशन आठला एक इतकं खाली आलं, मॅनिफोल्डलाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जोडला गेला आणि ताकद ६२ अश्वशक्तींच्या घरात उतरली. १९६२ची गाडी ९५ची होती. तो ओतीव मॅनिफोल्ड तापून चिरतो आणि पाण्याच्या उष्णतेवर चालणारा आपोआप चोक कधी अडकतो, कधी उशिरा सुटतो. जीटी तर १९७४नंतर तिकडे विकलीच गेली नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला स्मॉग (धुराची) तपासणी नाही, १९७६पासून पुढे आहे. मॉडेलवर्ष गाडीच्या क्रमांकातच असतं. ‘जीएचएन५यू’नंतरचं अक्षर ई असेल तर १९७४, एफ असेल तर १९७५, जी असेल तर १९७६. एफ अक्षराची रबर बंपर गाडी स्मॉगच्या फेऱ्यातून सुटते, जीची सुटत नाही. जी किंवा त्यानंतरच्या अक्षराच्या गाडीवर कोणी हौसेने दोन एसयू बसवले असतील तर ती चालायला मजेदार, पण तपासणीत नापास होण्याची तयारी ठेवा.

यंत्राची तपासणी दोन्ही काळांत सारखीच. गरम इंजिनावर रस्त्यात तेलाचा दाब ५० ते ७० पौंड, थांबल्यावर निदान १० ते २५. क्लच दाबताना पुढची पुली पुढे सरकताना दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. क्लचचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, सिग्नलला पेडल दाबून धरण्याच्या सवयीने ते झिजतं, आणि क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, हे भाव ठरवताना ध्यानात घ्या. टॅपेटची (व्हाल्व्हवरची) फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच. थोडी टकटक असलेली बरी, अगदी शांत टॅपेट म्हणजे फट कमी ठेवून एक्झॉस्ट व्हाल्व्ह जाळण्याची तयारी. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो खिळा). किंगपिनांना चाक हवेत असताना दर ३,००० मैलांनी ग्रीस दिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतात. स्पोकची चाकं असतील तर चाक उचलून ब्रेक दाबून ठेवा आणि चाक पुढे-मागे फिरवून पाहा. ‘टक्’ आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. हब आणि चाक दोन्ही बदलावी लागतात, एकच बदललं तर नवंही लवकर खातं.

विजेबद्दल उगाच भीती घालतात. जुन्या गाडीत आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, रबर बंपरपासून बारा व्होल्टची एक. बहुतेक दोष गंजलेल्या गोळी-जोडण्यांत (बुलेट कनेक्टर) आणि अर्थिंगमध्ये असतात. ज्या गाडीला हॅझर्डचं बटण आहे तिचे इंडिकेटर बंद पडले तर ते बटण दहा-वीसदा दाबून पाहा. इंडिकेटरची वीज त्यातूनच जाते.

जीटीचाही विचार जरूर करावा. छपरामुळे कवच ताठ, पावसात चालवता येते आणि भाव रोडस्टरपेक्षा साधारणपणे कमी. १९७३ ते १९७६मधल्या ३५२८ सीसीच्या जीटी व्ही८ फक्त २,५९१ निघाल्या, क्रोम आणि रबर दोन्हींत. चार सिलिंडरच्या गाडीत नंतर व्ही८ घातलेल्याही पुष्कळ आहेत. म्हणून पैसे देण्याआधी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवावं. कारखान्याच्या नोंदवहीतून गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय, कुठे पाठवली, हे त्यात येतं.

भारतात एमजीबी असलेल्यांसाठी दोन गोष्टी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपलीकडच्या वाहनाची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट. उंची उतरवण्याआधी किंवा बंपर बदलण्याआधी ही अट वाचावी, आणि काढलेले मूळ भाग विकू नयेत. दुसरं, ई२० पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि भेगाळतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, एसयूच्या सुईचा रबरी भागही बदलावा, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकीत तेच पेट्रोल ठेवून देऊ नये.

रबर बंपर १९७४च्या शरद ऋतूत आले आणि १९७५-७६ व १९७७पासूनच्या गाड्या वेगळ्या धराव्या लागतात, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

आपला,
एक मराठी वाचक,
ऑक्सफर्डशायर, इंग्लंड